माप एकच, तरी न्याय नाही

मैत्रिणींनो, घरात मुलांना लाडू वाटताना आपण किती जपतो! एकाला मोठा, एकाला लहान गेला की लगेच रुसवेफुगवे. पण वाटायचं आहे ते माणसाचं यकृत, म्हणजे लिव्हर असेल तर? अमेरिकेत हे वाटप कसं सुधारत गेलं ते परवा वाचलं, आणि वाटलं, तुम्हाला सांगायलाच हवं.

तिथे मृत दात्याचं यकृत मोठ्या माणसांपैकी कुणाला द्यायचं, हे २००२ पासून गुणांवर ठरतं. रक्ताच्या तपासण्यांवरून ६ ते ४० गुण मिळतात. दुखणं जितकं गंभीर, तितके गुण जास्त आणि नंबर वर. हिशेब चोख वाटतो ना? पण त्यात दोन मेखा होत्या.

पहिली हद्दीची. देशाचे भाग पाडलेले होते आणि यकृत साधारणपणे आधी त्या त्या भागातच दिलं जाई. पलीकडच्या भागात, जवळच्याच गावी जास्त आजारी माणूस असला, तरी तो थांबे. फेब्रुवारी २०२० मध्ये या हद्दी गेल्या. आता दात्याच्या रुग्णालयापासून १५०, २५० आणि ५०० सागरी मैलांची वर्तुळं धरतात. काढलेलं यकृत फार तास टिकत नाही, म्हणून अंतर बघावंच लागतं.

दुसरी मेख आपल्या बायकांच्या वाट्याची. गुण मोजताना रक्तातलं क्रिएटिनिन बघतात. मूत्रपिंडं बिघडली की ते वाढतं. पण ते तयार होतं स्नायूंमधून, आणि बायकांचे स्नायू पुरुषांपेक्षा कमी. त्यामुळे मूत्रपिंडं तेवढीच बिघडलेली असूनही बाईचा आकडा कमी दिसे, गुण कमी पडत. कितीतरी जणी वाट बघतच गेल्या. जुलै २०२३ पासून हिशेब बदलला आणि स्त्रियांना १.३३ गुण वाढवून मिळू लागले. एवढ्याशाने काय होतं, असं म्हणू नका. एकेका गुणाने तिथे नंबर पुढेमागे होतो.

सगळ्यांना एकच माप लावलं म्हणजे न्याय झाला असं नाही; मापच कुणाला कमी भरतंय का, हेही तपासावं लागतं.

आणि वाटायला आधी काही असायला हवं! आपल्याकडे मेंदू मृत झालेल्या माणसाच्या अवयवदानाला घरच्यांची संमती विचारतात. त्या दुःखात त्यांना काय सुचणार? तेव्हा आपली इच्छा आज रात्री जेवतानाच सांगून ठेवा. घरचे दचकतील, पण लक्षात ठेवतील.