सम्राज्ञी म्हणायचे, हिशेब द्यायचा नाही!

अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायिका बेसी स्मिथ हिच्या जीवनावर २०१५ साली ‘बेसी’ हा चित्रपट आला. दिग्दर्शिका डी रीस याही कृष्णवर्णीयच. गुलामांच्या वंशजांनी आपले दुःख ज्या गाण्यात ओतले, त्या ब्लूजची बेसी ही सम्राज्ञी. १९२३ साली निघालेल्या तिच्या पहिल्याच रेकॉर्डचा प्रचंड खप झाला. पण कंपनीने ठोक रक्कम हातावर ठेवली, रॉयल्टी दिली नाही. १९३७ साली ती मोटार अपघातात गेली. तिच्या कबरीवर १९७० पर्यंत नावाचा दगडसुद्धा नव्हता!

आम्हाला येथे विठाबाई नारायणगावकर आठवतात. त्याही ‘तमाशासम्राज्ञी’. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडात घडलेल्या. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या त्या हलाखीतच. पुढे शासनाने त्यांच्याच नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. जिवंतपणी उपेक्षा आणि मेल्यावर गौरव, ही या व्यवस्थेची जुनीच रीत!

विठाबाईंवर हिंदी चित्रपट होत असल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या. चित्रपट जरूर व्हावा. पण त्यात दिसणार काय? खेळ चालू असताना बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिकत टाळ्या घेईल. ओल्या बाळंतिणीला नाचायला लावणारी व्यवस्था कोणती, हे कोणी सांगेल काय? फडाच्या नावातील ‘मांग’ ही दोन अक्षरे पडद्यावर येतील काय?

प्रश्न चळवळीलाही आहे. महाडच्या लढ्याच्या काळात पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेला तमाशाचा पैसा बाबासाहेबांनी नाकारला. महार स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा त्यांना नको होता. तो नकार शोषणाला होता, त्या स्त्रियांना नव्हे. परंतु अनेकांनी तमाशाबरोबर तमाशातील बाईकडेही पाठ फिरवली. तिचा इतिहास शैलजा पाईक यांनी २०२२ साली इंग्रजी ग्रंथात मांडला. मराठीत तो किती घरांत पोचला?

दूर कशाला? वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगावच्या वस्त्यांत भीमजयंतीला गाणाऱ्या आयाबहिणींची नावे तरी कुठे लिहून ठेवली आहेत काय? येत्या १४ एप्रिलपूर्वी प्रत्येक बुद्धविहारात एक वही ठेवा. नाव, गाव, गाणी आणि मिळालेली बिदागी तिच्यात लिहा. सिनेमावाले येतील तेव्हा येतील. आपला हिशेब आपल्याच हाती असला पाहिजे.