माहेरचा तट

चांदबिबी म्हटलं की डोळ्यांपुढे तलवार येते, पण तिची कहाणी सासर-माहेरची आहे. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची ही लेक विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, ती दोन दरबारांच्या सोयरिकीसाठी. आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला गेला. आई खुंजा हुमायून हिने मुलाच्या नावाने राज्य चालवलेलं, त्यामुळे कारभाराचे धडे घरातच मिळाले. 1580 मध्ये नवऱ्याचा खून झाला आणि नऊ वर्षांच्या पुतण्याचं, इब्राहिमचं, राज्य तिने सांभाळलं. त्यापायी साताऱ्याच्या किल्ल्यात कैदही भोगली. पुढे माहेरी परतली, तर 1595 मध्ये शहाजादा मुरादची मोगल फौज दारात उभी. सुरुंगाने तट फुटला, तेव्हा तिने स्वतः उभं राहून रातोरात खिंडार बुजवून घेतलं. वऱ्हाड द्यावं लागलं, पण नगर वाचलं. अखेर फितुरीच्या संशयावरून तिला मारलं ते आपल्याच माणसांनी. 1600 मध्ये किल्ला पडला. नगरजवळचा ‘चांदबिबी महाल’ खरं तर सलाबतखानाची कबर आहे. तिची आठवण काढायची असेल, तर नगरच्या किल्ल्याच्या तटापाशी जाऊन उभे राहा.