मोगली एरंड कीं करंज ?

वृक्षारोपणाच्या दिवशीं नववींतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें, "सर, डिझेल झाडाला लागतें म्हणतात, मग तींच झाडें आपल्या माळावर कां लावूं नयेत?" प्रश्न चांगला होता. उत्तरास तास पुरला नाहीं, म्हणून तें येथें देतों.

बियांच्या तेलावर इंजिन चालतें ही गोष्ट नवी नव्हे. इ. स. १९०० मध्यें पॅरिसच्या प्रदर्शनांत एक डिझेल इंजिन भुइमुगाच्या तेलावर चालवून दाखविलें होतें. परंतु आपला देश खाद्यतेल परदेशांतून आणतो. तें यंत्रास पाजणें परवडणार कसें? म्हणून अखाद्य बियांकडे लक्ष गेलें. २००३ मध्यें नियोजन आयोगाच्या समितीनें मोगली एरंडाचा पुरस्कार केला. २००९ च्या राष्ट्रीय धोरणानें २०१७ पर्यंत शेंकडा २० मिश्रणाचें ध्येय ठेविलें. तें साधलें नाहीं, आणि २०१८ च्या धोरणानें जैवडिझेलापुरतें तें शेंकडा ५ वर आणून २०३० ची मुदत दिली.

असें कां व्हावें ? मोगली एरंड थोड्या पाण्यावर तगतो आणि गुरें त्यास तोंड लावीत नाहींत, हें खरें. म्हणूनच आपले लोक त्याचें कुंपण करीत आले. परंतु तगणें निराळें व फळणें निराळें. खडकाळ माळावर खतपाण्यावांचून झाड हिरवें राहतें, बी मात्र मूठभर देतें. शिवाय फळें एकदम पिकत नसल्यामुळें वेंचणीची मजुरी अंगावर येते. आमच्या एका आप्तांनीं रोपें विकणाऱ्यांच्या भरवशावर चार एकर माळ ह्या झाडाखालीं घातला. तिसऱ्या वर्षीं बी घेऊन गेले, तों घेणारा उरलाच नव्हता. (रोपांचे पैसे मात्र आधींच वसूल झाले होते !)

आणखी, दप्तरीं ज्यास 'पडीक' म्हणतात ती जमीन पुष्कळदां गांवचें गायरान असते. शेळ्यामेंढ्या तेथें चरतात, गरिबाची चूल तेथल्या काटक्यांवर पेटते. ती मोडून मोटारींची सोय करणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

आमचें मत करंजाकडे झुकतें. तो इथलाच. त्याच्या मुळांवरील गांठी हवेंतील नत्र धरून ठेवितात, पेंड खतास उपयोगी पडते, आणि तेल आपल्या आज्या दिव्यांत व खरजेवर वापरीत. डिझेलास भाव न आला तरी सावली कोठें जात नाहीं. विदर्भास लागून असलेल्या तेव्हांच्या आदिलाबाद जिल्ह्यांत पॉवरगुडा ह्या गांवच्या आदिवासी स्त्रियांनीं करंजाचें तेल काढण्याचें काम हातीं घेतलें. त्या इंधनामुळें हवेंत जाणारा धूर वांचेल म्हणून २००३ मध्यें जागतिक बँकेनें त्यांस ६४५ डॉलर दिले. रक्कम थोडी, परंतु ती मिळविण्यास गायरान मोडावें लागलें नाहीं. करंज फळण्यास कांहीं वर्षें लागतात, हा दोष आहेच. म्हणून त्याची सलग शेती न करितां तो बांधावर व रस्त्याच्या कडेस लावावा.

लहान मुलांस एक ताकीद : मोगली एरंडाचें बी चवीस बरें लागलें तरी विषारी आहे; खाल्ल्यास ओकाऱ्या व जुलाब होतात.

शाळेच्या मागील वाफ्यांत करंजाचीं रोपें तयार आहेत. ज्या पालकांस बांधासाठीं हवीं असतील त्यांनीं आषाढापूर्वीं मुलांबरोबर चिठ्ठी पाठवावी.