गावाला सभा, शहराला यादी

परंडा तालुक्यातील कोणत्याही खेड्यात घरकुलांची यादी ग्रामसभेपुढे ठेवावी लागते. 2016 साली सुरू झालेल्या ग्रामीण आवास योजनेत 2011 च्या सामाजिक-आर्थिक गणनेतून निघालेली नावे ग्रामसभेनेच पडताळावीत, असा दंडक घातला गेला. त्या सभेत आरडाओरडा होतो, गटबाजी होते, सरपंचाच्या भाऊबंदांची वर्णीही लागते. तरीही एखाद्या शेतमजूर विधवेला उभे राहून ‘माझे नाव का गळले?’ असे विचारण्याचा कायदेशीर अधिकार असतो. तीच स्त्री पोटासाठी परंडा शहरात येऊन राहिली की तो अधिकार वेशीवरच गळून पडतो. येथे तिला नगरपरिषदेत अर्ज देता येतो. सभेत जाब विचारता येत नाही, कारण तशी सभाच भरत नाही.

हा केवळ स्थानिक कारभाऱ्यांचा दोष नव्हे. 73 व्या घटनादुरुस्तीने खेड्याला ग्रामसभा दिली. 1993 पासूनच अमलात आलेल्या 74 व्या दुरुस्तीने शहरांना प्रभाग समित्या दिल्या खऱ्या. परंतु त्यांची सक्ती केली ती तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरती! सुमारे वीस हजार वस्तीचे परंडा त्या हिशेबात बसतच नाही. जेथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, जेथे लोकांना एकत्र बसवणे सर्वांत सोपे, तेथेच त्यांना बोलावण्याची गरज राज्यकर्त्यांना भासली नाही.

नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेचा केंद्रीय निधी हवा असेल तर लोकसहभागाचा कायदा करा, अशी अट आली तेव्हा महाराष्ट्राने 2009 साली क्षेत्रसभेची तरतूद केली. अट पूर्ण झाली, क्षेत्रसभा मात्र कागदावर राहिल्या. पुढे ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका रखडल्या आणि मुदत संपलेल्या राज्यातील नगरपरिषदांवर डिसेंबर 2025 पर्यंत प्रशासकांचे राज्य चालले. म्हणजे नागरिकांची सभा नव्हतीच. लोकांनी निवडलेले सभागृहही नव्हते. घरकुलांचे प्रस्ताव मात्र या काळातही सल्लागार संस्थांच्या टेबलावरून राज्याच्या मंजुरी समितीकडे आणि तेथून दिल्लीकडे जातच राहिले.

याची किंमत कोणी मोजली? 2015 च्या शहरी आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख व राज्याचा एक लाख असे अडीच लाख रुपये मिळत. पण जागा ज्याच्या नावावर त्यालाच! सरकारी जमिनीवर झोपडी टाकलेला हमाल, भाड्याच्या खोलीत राहणारी मोलकरीण, वाटणी न झालेल्या वाड्याच्या कोपऱ्यात संसार मांडलेला धाकटा भाऊ हे सर्व घराविना असूनही ‘अपात्र’ ठरतात. आधी सभा घेतली असती तर लोकांनी घराच्या नकाशापूर्वी जमिनीचा प्रश्न काढला असता. तो प्रश्न कोणाला नको आहे, हे उघड आहे.

अडाणी लोकांना नियोजनातले काय कळते, आणि सभा म्हणजे दादा लोकांना कुरणच, असा आक्षेप ठरलेला आहे. बंद खोलीत दादा लोक नसतात काय? फरक इतकाच की उघड्या सभेत त्यांना सर्वांसमक्ष बोलावे लागते आणि त्याची नोंद इतिवृत्तात राहते. केरळने एक लाखापर्यंतच्या नगरपालिकांना कायद्यानेच वॉर्डसभा दिली आणि 1996 च्या लोकनियोजन मोहिमेत नियोजनाच्या खर्चाचा एक तृतीयांशाहून अधिक वाटा स्थानिक संस्थांकडे सोपवला. केरळवर डावेपणाचा शिक्का मारणाऱ्यांनी भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेकडे पाहावे. तेथे 1974 च्या कायद्याखाली गृहनिर्माणाचे व वस्तीविकासाचे केंद्रीय अनुदान घेणाऱ्या शहराला जाहीर सुनावण्या घ्याव्या लागतात आणि आराखड्याचा मसुदा 30 दिवस लोकांच्या सूचनांसाठी खुला ठेवावा लागतो. तेथील गरिबांचा घराचा प्रश्न त्याने सुटलेला नाही, हे खरे. पण निदान आराखडा लोकांपासून लपवता येत नाही. जे वॉशिंग्टनला परवडते ते मुंबईला का परवडू नये?

2024 साली शहरी आवास योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि नगरपरिषदेत पुन्हा लोकनियुक्त सभागृहे आली. आता सबब उरलेली नाही. प्रत्येक प्रभागात वर्षातून किमान चार सभा व्हाव्यात. पात्र आणि अपात्र अशा दोन्ही याद्या कारणांसह तेथे वाचल्या जाव्यात. सभेच्या ठरावाविना कोणताही प्रस्ताव वर जाऊ नये. आणि भूमिहीनांच्या जागेचा प्रश्न पहिल्याच सभेत पहिला विषय म्हणून घेतला जावा. यासाठी दिल्लीहून नवा पैसा यावा लागत नाही. नगरसेवकांनी ठराव करावा. ते करणार नसतील तर हमालांनी, मोलकरणींनी व भाडेकरूंनी नगरपरिषदेच्या दारात स्वतःची सभा भरवावी. घर हे सरकारचे दान नव्हे; ते मागताना हात पसरावा लागता कामा नये.