आधी विचारपूस, मग चाचणी

हृदयविकाराचा झटका येताच ॲस्पिरीनची गोळी देण्यात यावी, ही गोष्ट आता वादातीत आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-२’ या १७,१८७ रुग्णांवरील पाहणीत महिनाभराच्या या स्वस्त उपचाराने हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी घटले. तथापि गोळी चालू असतानाही काहींना पुन्हा झटका येतो. आणि मग ‘यांचे रक्त ॲस्पिरीनला दाद देते की नाही’ हे सांगणाऱ्या चाचणीकडे घाबरलेले कुटुंब आशेने पाहू लागते.

या आशेला आधार किती, हे पाहिले पाहिजे. फ्रान्समध्ये स्टेंट बसवावयाच्या २,४४० रुग्णांपैकी निम्म्यांचे औषध अशी चाचणी करून बदलण्यात आले, निम्म्यांचे नाही. २०१२ साली निष्कर्ष हाती आला तो असा, की चाचणी झालेल्यांना तिचा काहीच लाभ झाला नाही. २०१३ साली अमेरिकेत ४०० निरोगी व्यक्तींची पाहणी झाली. तीत खरा प्रतिरोध एकाही व्यक्तीत आढळला नाही. जो दिसला तो बहुतांशी गोळीवरील वेष्टनामुळे औषध उशिरा शोषले गेल्याचा परिणाम होता.

ॲस्पिरीन रक्तातील प्लेटलेटना त्यांच्या आठदहा दिवसांच्या आयुष्यापुरते निष्प्रभ करते; परंतु नव्या प्लेटलेट रोज निर्माण होतच असतात. म्हणून चारसहा दिवस गोळी चुकली की रक्त पूर्ववत् गोठू लागते. सांधेदुखीसाठी आयबुप्रोफेन आधी घेतले, तर ॲस्पिरीनची जागाच अडते. अशा वेळी चाचणी ‘प्रतिरोध’ दाखवील. दोष मात्र रक्ताचा नसेल. त्यावर मात्रा वाढविली, तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका तेवढा वाढावयाचा.

यास्तव आमचे म्हणणे एवढेच की, रुग्णाच्या खिशाला चाट लावण्यापूर्वी डॉक्टरांनी त्याला तीन प्रश्न विचारावेत: गोळी रोज घेता काय? ती कोणत्या प्रकारची? सोबत वेदनाशामक कोणते? रुग्णानेही संकोच न धरता खरे ते सांगावे, आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी मुळीच थांबवू नये. ही विचारपूस फुकट आहे. ती टाळून केलेल्या चाचणीचे मोल मात्र रुग्णालाच, प्रसंगी प्राणानेही, मोजावे लागेल.