खेकड्यावर खापर नको

२ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली, आणि राज्याच्या तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांनी भिंत पोखरल्याचं सांगितलं. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. तरी तो आरोप अजून डोक्यातून गेलेला नाही.

खेकडा बीळ करतो, हे कबूल. ओल खाली गेली की तोही खाली जातो. पण मातीच्या धरणाला घुशी, उंदीर, खेकडे लागणारच, हे धरूनच देखभाल ठरलेली असते: भिंतीवर फिरायचं, झुडपं काढायची, भोकं बुजवायची, पायथ्याशी ओल दिसली की शोध घ्यायचा. भिंत फुटण्याआधी पाणी झिरपतं, डोळ्यांना दिसतं. ते पाहायची जबाबदारी माणसाची आहे.

दुसरा युक्तिवाद शहाणपणाचा वाटतो, म्हणून जास्त घातक. खेकडा सगळीकडे आहे, मग जपायचं काय? निसर्गअभ्यासक साइक्सनं दख्खनच्या या बिळं करणाऱ्या खेकड्यावर १८३६ साली लिहिलं. शास्त्रात तो बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस. त्याचा पसारा अनेक राज्यांत आहे, म्हणून आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो ‘कमी चिंते’च्या वर्गात बसतो. हा शेरा अख्ख्या जातीला आहे. अक्कलकोट तालुक्यातल्या मैंदर्गीच्या ओढ्यातली बिळं मोजून कुणी तो दिलेला नाही. २००९ साली जगातल्या १,२८० गोड्या पाण्यातल्या खेकड्यांचा आढावा निघाला, तेव्हा जवळजवळ निम्म्या जातींबद्दल निर्णय देण्याइतकी माहितीच नव्हती.

दखल दुर्मीळालाच कशी मिळते, ते पाहा. आपल्याकडे झिंग्यासारखे, नांग्या असलेले क्रेफिश मूळचे नाहीत. चिखलात बीळ करून राहण्याचं त्यांचं काम इथं खेकडा करतो. टास्मानियाच्या ईशान्य भागात माउंट आर्थरच्या परिसरातला बिळवासी क्रेफिश ऑस्ट्रेलियाच्या कायद्यानं ‘असुरक्षित’ ठरवला आहे. त्याची व्याप्ती लहान, म्हणून त्याची दखल. २०१६ साली सह्याद्रीतून रंगीत खेकड्यांच्या पाच नव्या जाती जाहीर झाल्या, त्यांचंही कौतुक झालं. ते व्हायलाच हवं. पण अक्कलकोट तालुक्यातला मातकट खेकडा रंगाने डावा म्हणून बेवारस ठरत नाही.

त्याची मादी उचलून पोटाखालची झडप जरा दूर केली, तर कधी आत मोहरीएवढी पिल्लं चिकटलेली दिसतात. समुद्री खेकड्यांसारखी पाण्यात तरंगत दूर जाणारी अळी यांच्यात नसते. अंड्यातून थेट छोटा खेकडाच निघतो. म्हणजे ओढ्यातली वस्ती एकदा संपली की ती भरायला शेजारच्या ओढ्यातून कुणाला तरी चालतच यावं लागतं. सोलापूरकडच्या कोरड्या माळावर ते किती अवघड, हे उन्हाळ्यात तिथं चाललेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

म्हणून पोकलेन लावून ओढा सरळ आणि खोल करताना दोन्ही काठ एकाच वेळी खरवडायला माझा ठाम विरोध आहे. पाणी साठवा, मैंदर्गीला ते हवंच. पण एक काठ झाडागवतासकट राहू द्या, काँक्रीटनं बांधू नका. तलावाच्या भिंतीतली बिळं जरूर बुजवा, ओढ्याकाठची राहू द्या. कालवणासाठी खेकडे धरणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: पोटाखाली अंडी किंवा पिल्लं असलेली मादी तिथल्या तिथं सोडा. आणि लोकांच्या जैवविविधता नोंदवहीत, जिथं झाडं-पाखरं लिहिली जातात, तिथं या खेकड्याचीही ओळ हवी: कोणता ओढा, कोणता काठ, कोणत्या महिन्यात बिळाच्या तोंडाशी ओल्या काळ्या मातीच्या गोळ्या दिसल्या.