आरोग्यविचार : रात्रीचे उठणे
रात्री तीन-चार वेळा लघुशंकेस उठावे लागले की आपली वडीलधारी मंडळी ‘वयोमान’ म्हणून गप्प राहतात. परंतु वाचकहो, ज्यांस झोपेत श्वास अडण्याचा विकार, म्हणजे स्लीप ॲप्निया आहे, त्यांच्या बाबतीत दोष पुष्कळदा मूत्राशयाचा नसून श्वासाचा असतो. घशाची वाट मिटली असता छाती जोराने हवा ओढू पाहते आणि त्यामुळे हृदयाचे कप्पे ताणले जातात. शरीरात पाणी फार झाले असे जणू समजून हृदय मूत्र वाढविणारे संप्रेरक सोडते. डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली ऑस्ट्रेलियातून जगापुढे मांडलेले हवेच्या दाबाचे यंत्र नियमित लावल्यास हे उठणे बहुधा कमी होते.

तरीही उठावे लागत असेल, तर मुखवट्यातून हवा निसटते काय, आणि परत येऊन निजताना तो पुन्हा चढविला जातो काय, हे प्रथम पाहावे. त्यानंतर मधुमेह, प्रोस्टेट, पायांची सूज, औषधे व रात्रीचा चहा यांचा विचार व्हावा. यंत्र वा औषध आपल्या मनाने बंद करू नये. आठवडाभराची नोंद वहीत करून कुपात खोलीमच्या डॉक्टरांस दाखवावी. संकोचापायी अंधारात पडून हाड मोडण्यापेक्षा दोन शब्द बोललेले बरे!